ठसठशीत दाण्याचा चकवा

घेवड्याचं बियाणं धरायचं म्हटलं की चित्र ठरलेलं असतं. ओसरीवर सूप, सुपात दाणे, आणि घरातलं एखादं जाणतं माणूस किडके, फुटके, सुरकुतलेले दाणे वेचून बाजूला टाकतंय. मग उरलेल्यातले टपोरे, ठसठशीत दाणे निराळे काढायचे, ते पुढच्या पेरणीला. किडकं-फुटकं काढण्यात काही चूक नाही. पण मोठा दाणा पेरला की पीकही मोठ्या दाण्याचं येईल, हा सुपाशी बसून केलेला हिशेब शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरला आहे. गंमत अशी की तो खोटा ठरवला तोही घेवड्यानंच.

डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन यांनी ‘प्रिन्सेस’ नावाच्या घेवड्याचे विकतचे दाणे घेतले, एकेका दाण्यापासून झालेल्या झाडाची संतती वेगळी ठेवली आणि असे 19 वंश वजनकाटा घेऊन तपासले. वंशा-वंशात दाण्याच्या सरासरी वजनाचा फरक होता आणि तो पिढ्यानपिढ्या टिकत होता. मात्र एकाच वंशातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बारका दाणा पेरला, तर दोघांच्या संततीची सरासरी जवळपास सारखीच यायची. 1903 साली त्यांनी हे मांडलं. पुढे 1909 मध्ये ‘जीन’ हा शब्दही त्यांनीच दिला. घेवडा स्वतःच्याच परागानं फळतो, त्यामुळे एका शुद्ध वंशातले दाणे आतून एकसारखे असतात. त्यातला एखादा मोठा होतो तो शेंगेतल्या जागेमुळे, त्या आठवड्यात मिळालेल्या पाण्यामुळे, शेजारच्या शेंगा गळल्यामुळे. हे मोठेपण परिस्थितीचं असतं, रक्तातलं नसतं.

मग निवड करण्यात अर्थच नाही का? आहे, आणि गावरान बियाण्यात तर भरपूर आहे, कारण एका डब्यातलं गावरान बियाणं म्हणजे अनेक वंशांची खिचडी असते. फक्त निवड दाण्याची करायची नसते, झाडाची करायची असते. सुपात आल्यावर दाण्याला आई राहत नाही. कोणत्या झाडाला तांबेरा आला होता, कोणतं आठ दिवस आधी फुललं, कोणाच्या शेंगा पावसाच्या झडीत कुजल्या, ही सगळी माहिती मळणीच्या काठीबरोबर संपते. वाण सुधारण्याची सगळी कला मला तरी या एका गोष्टीत दिसते: नजर दाण्यावरून उचलून मागे न्यायची. दाण्यामागे झाड, झाडामागे ओळ, ओळीमागे शेत. शेताच्याही मागे बाजार आणि चूल आहे, पण तिथवर नजर फार थोड्यांची पोचते.

झाडावर नजर ठेवायची रीत साधी आहे. पीक फुलावर असताना एकदा, शेंगा भरताना एकदा आणि वाळताना एकदा शेतातून फिरायचं. पसंतीच्या झाडाला रंगीत सुतळी बांधायची. बांधाकडेची झाडं, खाडा पडलेल्या जागेशेजारची झाडं, उकिरड्याजवळची झाडं सोडून द्यायची. त्यांना ऊन, जागा आणि खत जास्त मिळालेलं असतं, त्यामुळे ती उगाच देखणी दिसतात. शेताचे मनातल्या मनात चौकोन पाडावेत आणि प्रत्येक चौकोनातलं उत्तम झाड घ्यावं. नाहीतर सगळी निवड जिथं जमीन चांगली त्याच कोपऱ्यात होते, आणि आपण वाण न निवडता जमीन निवडून बसतो. अशी शंभर झाडं धरली तर शेवटी वीस-पंचवीस उरावीत. प्रत्येकाच्या शेंगा वेगळ्या पाकिटात, आणि पुढच्या हंगामात प्रत्येक पाकिटाची वेगळी ओळ. खरा निकाल त्या ओळीवर लागतो. एकटं झाड योगायोगानंही चांगलं दिसू शकतं. त्याची वीस पोरं एका ओळीत सारखीच चांगली निघाली, तर ती गोष्ट रक्तातली.

आता नावाचा एक घोळ निस्तरून पुढे जाऊ. नाशिकच्या पंचवटीतल्या बाजार समितीत घेवडा मागितला तर कुणी फरसबी, म्हणजे श्रावण घेवडा पुढे करेल, तर कुणी वालाच्या पापडीकडे बोट दाखवेल. श्रावण घेवडा, राजमा आणि साताऱ्याकडच्या कोरेगावचा भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा ही एका जातीची भावंडं, मूळची अमेरिकेतली. वाल, पावटा, पापडी हे दुसरं घराणं, आफ्रिकेतून फार जुन्या काळी आपल्याकडे आलेलं. या दोघांचा एकमेकांत संकर होत नाही. श्रावण घेवड्याच्या बहरात वालाची चव आणायची कल्पना ऐकायला छान आहे, पण ती कल्पनाच राहते. घेवड्याच्या घरातही दोन वाडे आहेत: एक मध्य अमेरिकेतला, बहुधा बारक्या दाण्याचा, दुसरा अँडीज पर्वतातला, मोठ्या दाण्याचा. यांचा संकर जमतो, पण काही जोड्यांची पहिली पिढी खुरटी, पिवळट निघते आणि मरते. ते खताच्या कमतरतेमुळे नसतं. दोन्हीकडचे दोन जीन एकत्र आले की झाड आतूनच बिघडतं. अशा वेळी औषध मारत बसण्यापेक्षा आई-बापाची जोडी बदलावी.

निवडीनं जे आहे त्यातलं चांगलं हाती लागतं. नसलेला गुण आणायचा तर संकर करावा लागतो. पश्चिम पट्ट्यात, पेठ-सुरगाणा-त्र्यंबककडे, बांधावर चढणारा वाल घ्या. चवीला उत्तम, पण दिवस लहान झाल्याशिवाय त्याला फूल येत नाही. नाशिक 20 अंश अक्षांशावर आहे. जूनमध्ये दिवस सुमारे 13 तास 20 मिनिटांचा आणि डिसेंबरात 11 तासांच्या जरासा आत. जूनमध्ये लावलेला हा वाल दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला फुलतो, आणि चुकून उन्हाळ्याच्या तोंडावर लावला तर नुसता वेल माजतो. त्याला झुडपी, कोणत्याही हंगामात फुलणारा करायचा तर ते दोन गुण असलेला दुसरा आई-बाप हवा. कर्नाटकात ‘हेब्बाळ अवरे 3’ सारख्या वाणांनी हे करून दाखवलं आहे. पण पहिली अडचण तिथंच उभी राहते: हलका वाण दीड महिन्यात फुलून मोकळा होतो, गरवा ऑक्टोबरपर्यंत ताटकळतो, मग दोघांची गाठ पडायची कशी? हलक्या वाणाची पेरणी दहा-बारा दिवसांच्या अंतरानं तीन-चार वेळा करायची, म्हणजे एक तरी तुकडी गरव्याच्या फुलोऱ्याला सापडते. घाई असेल तर गरव्याच्या कुंड्या रोज संध्याकाळी लवकर काळ्या कापडाखाली झाकून त्याला दिवस लहान झाल्याचा भास देता येतो.

प्रत्यक्ष संकर हे सोनारकाम आहे. फुलाची वरची मोठी पाकळी म्हणजे पताका, बाजूचे दोन पंख आणि आत दोन पाकळ्या जुळून झालेली नौका. नौकेच्या पोटात दहा पुंकेसर, नऊ एकत्र बांधलेले आणि एक सुटा, प्रत्येकाच्या टोकाला परागाची पिशवी, म्हणजे परागकोश. श्रावण घेवड्यात ही नौका घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, वालात ती कोपरासारखी काटकोनात वळते. फूल उमलण्याआधीच परागकोश फुटतात, म्हणून उमललेलं फूल आई म्हणून निकामी. उद्या सकाळी उमलेल अशी फुगलेली, रंग दिसू लागलेली पण घट्ट मिटलेली कळी आज संध्याकाळी घ्यायची. डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून बारीक चिमट्यानं पताका उकलायची, पंख बाजूला सारायचे, नौकेला वरून चीर देऊन दहाही परागकोश काढायचे आणि मोजायचे. नऊ निघाले आणि दहावा सापडला नाही, तर ती कळी तोडून टाकावी. ‘असेल कुठंतरी पडलेला’ म्हणणाऱ्याचं पुढचं वर्ष वाया जातं. दुसऱ्या कळीला हात लावण्याआधी चिमटा स्पिरिटात बुडवून वाळवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाचं ताजं उमललेलं फूल आणायचं, पंख खाली दाबले की परागानं माखलेली कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, बाहेर येते, ती आईच्या कुक्षीवर अलगद टेकवायची. श्रावण घेवड्यात वळणदार कुक्षीत कुक्षी आकड्यासारखी अडकवूनच ठेवता येते. त्यानं पराग चिकटून राहतो आणि कुक्षी वाळत नाही. त्याच तुऱ्यातल्या बाकीच्या कळ्या खुडाव्यात, नाहीतर झाड आधी स्वतःच्या शेंगा पोसतं आणि आपलं फूल गाळतं. घेवडा एरवीही निम्मी-अर्धी फुलं गाळतोच. वीस कळ्या केल्या आणि चार-पाच शेंगा टिकल्या तर हात बसला असं समजावं. नाशिकच्या कोरड्या मार्चमध्ये कुक्षी तासाभरात सुकते, म्हणून सकाळचं काम नऊच्या आत उरकावं आणि फुलाशेजारी ओल्या कापसाचा बोळा बांधावा. प्लॅस्टिकची पिशवी घालू नये, आत कळी शिजते. चिठ्ठीवर आईचं नाव आधी, बापाचं नंतर, खाली तारीख. आणि पेन्सिलीनं लिहावं. शाई पहिल्या दवात जाते.

शेंग वाळली, दाणे हातात आले, आणि ते हुबेहूब आईच्या दाण्यासारखे दिसतात. इथं बरेच जण हिरमुसतात. दाण्याची साल ही आईच्या अंगाची असते, संकर आत असतो. रंगाचा खेळ एक पिढी उशिरा दिसतो. म्हणून संकर लागला की नाही हे कळण्यासाठी आधीच युक्ती करून ठेवावी: आई पांढऱ्या फुलाची आणि बाप जांभळ्या फुलाचा, किंवा आई झुडपी आणि बाप वेली. पहिल्या पिढीचं झाड जांभळं फुललं, वेल होऊन चढू लागलं, तर संकर खरा. आईसारखंच निघालं तर दहावा परागकोश आतच राहिला होता. उपटून टाका.

दुसऱ्या पिढीत सगळे पत्ते उघडे होतात आणि इथं कंजूषपणा महागात पडतो. झुडपी वाढ आणि दिवसाच्या लांबीला न जुमानणं हे दोन्ही गुण वालात अप्रभावी आहेत, म्हणजे दोन्हीकडून मिळाल्याशिवाय दिसत नाहीत. असाच तिसरा एखादा गुण धरला आणि तिन्ही एकमेकांपासून सुटे वारशानं येत असतील, तर तिन्ही एकत्र असलेलं झाड चौसष्टात एक. चौसष्ट झाडं लावली म्हणजे एक मिळेलच असं मात्र नाही. निदान एक तरी मिळण्याची 95 टक्के खात्री हवी तर जवळजवळ 190 झाडं लागतात. आणि त्या एकाच्याच मुळाशी वाळवी लागली तर? पाचशे झाडं लावली तर आठेक हाती लागतात, मग त्यातून निवडायला काही राहतं. जागा नाही म्हणून चाळीस झाडांवर दुसरी पिढी उरकण्यापेक्षा संकर न केलेला बरा.

आणखी एक अनुभवाची गोष्ट: दुसऱ्या पिढीत वेली आणि झुडपी एकाच वाफ्यात मिसळलेले असतात. वेल झुडपावर चढून त्याला झाकून टाकतो, आणि हवं असलेलं झुडपी झाड सगळ्यात रोडकं दिसतं. अंतर दुप्पट ठेवावं, वेलांना काठी द्यावी किंवा त्यांचे शेंडे खुडावेत. निफाड-पिंपळगावकडे टोमॅटो निघाल्यावर तार-बांबूचा सांगाडा उभाच असतो, तो इथं फुकट कामी येतो.

पुढची वर्षं धीराची. दर पिढीला अस्थिरता निम्मी होते: दुसऱ्या पिढीत एखादा जीन स्थिर, म्हणजे दोन्हीकडून सारखाच आलेला, असण्याची शक्यता 50 टक्के, तिसरीत 75, चौथीत 87.5, सहावीत सुमारे 97. म्हणून चौथ्या पिढीत ‘वाण तयार झाला’ म्हणून वाटायला निघू नये. शेतकऱ्याच्या घरी तो पुन्हा फुटतो, म्हणजे झाडं निरनिराळी निघतात, आणि दोष भेसळीवर जातो. श्रावण घेवडा बी-ते-बी तीन महिन्यांत होतो, म्हणून वर्षाला तीन पिढ्या काढण्याचा मोह पडतो. कागदावर ते जमतं. पण आपल्याकडच्या एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे गेला की पराग मरतो, फुलं गळतात. आणि निफाडच्या जानेवारीत काही पहाटे पारा इतका उतरतो की घेवडा जागीच बसतो, दहिवर गोठलं तर जळतो. दोन पिढ्या धरून चालावं. तिसरी मिळाली तर देवाची कृपा.

आता ओळीमागच्या शेताकडे. नाशिक जिल्हा म्हणजे एकाच नकाशात चार-पाच मुलुख. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस, आणि शे-दीडशे किलोमीटर पूर्वेला येवल्याकडे त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. घाटाकडच्या गार, ओल्या हवेत करपा शेंगांवर काळे खोलगट डाग पाडतो आणि बियाण्यातूनच पुढे जातो. पूर्वेच्या कोरड्या, उबदार पट्ट्यात पांढरी माशी पिवळा मोझॅक रोग पसरवते. काळ्या भारी जमिनीत दोन दिवस पाणी तुंबलं की मूळकूज. यातल्या एकाच ठिकाणी, ठिबकाखाली, वेळच्या वेळी फवारलेल्या वाफ्यात निवडलेला वाण सगळीकडे चालावा अशी अपेक्षा बाळगणं म्हणजे घरातल्या अंगणात पोहायला शिकवण्यासारखं आहे. रोगासाठी निवड करायची तर रोग यायला हवा. दर दहाव्या ओळीला हमखास रोगट होणारा वाण लावायचा, फवारणी बंद ठेवायची आणि बघत बसायचं. पिकाला मुद्दाम आजारी पाडायचं हे शेतकऱ्याच्या मनाला पटत नाही, पटवून द्यावं लागतं.

उलट नत्राच्या बाबतीत मात्र हात आखडू नये. ‘कडधान्य आहे, स्वतःचं नत्र स्वतः करेल’ हे हरभऱ्याला शोभतं. श्रावण घेवड्याच्या मुळांवर गाठी कमी आणि उशिरा येतात. बिनखताच्या चाचणीत सगळेच वाण पिवळे पडतात आणि फरक कळत नाही.

चाचणी लावताना प्रत्येक वाणाच्या चार मीटरच्या चार ओळी, ओळीत 45 सेंटिमीटर आणि झाडात 15 सेंटिमीटर अंतर, तीन ठिकाणी पुनरावृत्ती, वजन मधल्या दोनच ओळींचं, आणि लोक आज जो वाण लावतात तो सोबतीला हवाच. ज्याच्याशी तुलना करायची तोच नसेल तर क्विंटलचे आकडे शोभेचे.

आकड्यांत न मावणाऱ्याही काही गोष्टी असतात. तोडणीचंच बघा. एकदम सगळ्या शेंगा देणारा वाण कागदावर हुशार दिसतो. पण दहा गुंठ्यांवर घरच्या दोन माणसांनी तोडायचा तर दर चार-पाच दिवसांनी थोडा थोडा माल देणारा वाणच आठवड्याचा बाजार चालवतो. आडत्याला शेंग सरळ, हातभर नको, 12-15 सेंटिमीटरची, आतले दाणे बाहेरून फुगलेले न दिसणारी, मोडली तर कटकन मोडणारी आणि शीर न निघणारी हवी. रात्री क्रेटमध्ये भरलेला माल पहाटे वाशीला उघडल्यावर मलूल दिसतो की टवटवीत, हे कोणत्याही वजनकाट्यावर येत नाही. वाळल्या दाण्याची गोष्ट याहून नाजूक. वाघ्या घेवड्यासारख्या वाणात रोगप्रतिकार आणताना अंगावरचे पट्टे गेले तर तो वाघ्या राहत नाही, व्यापारी दुसऱ्या नावानं, दुसऱ्या भावानं घेतो. तिथं संकराची संतती पुन्हा पुन्हा मूळ वाणाशीच जुळवावी लागते. अशा पाच फेऱ्यांनंतर सरासरी 98 टक्क्यांवर मूळ रक्त परत येतं, रोगप्रतिकाराचा तुकडा फक्त पाहुण्याचा राहतो.

आणि चूल. शंभर दाणे रात्री भिजत घालावेत, सकाळी न फुगलेले कुचर दाणे मोजावेत. फुगलेले शिजवून बघावेत, किती वेळानं बोटात चिरडतात, रस्सा दाट होतो की दाणे वेगळे आणि पाणी वेगळं राहतं. कमी शिजलेला राजमा पोट बिघडवतो, म्हणून दाणे भिजवलेलं पाणी फेकून चांगला खळखळून शिजवावा, चाचणीतला घास घेतानाही. ही परीक्षा शेवटच्या वर्षी, पाच वाण उरल्यावर घेण्याचा प्रघात आहे. ती फार आधी घ्यायला हवी, आणि घेणारी माणसं वेगळी हवीत. रवांडात 1980च्या दशकाच्या अखेरीस संशोधन केंद्राच्या वाफ्यांत घेवड्याच्या जाणकार शेतकरी बायकांना आधीच बोलावून निवड करायला दिली. त्यांनी निवडलेले वाण त्यांच्या शेतांत चांगले चालले. आपल्याकडे तर हे सांगायला लांब जायला नको. नाशिकच्या सीमेला लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासह कितीतरी गावरान वाण सांभाळले, त्यासाठी त्यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. अशा घरात गेल्यावर कळतं की तिथं वाणाला क्रमांक नसतो, त्याला काम असतं: हा कोवळ्या शेंगेच्या भाजीचा, हा वाळवून ठेवायचा.

कायद्याचं थोडक्यात. 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बियाणं राखायला, पेरायला, देवघेव करायला आणि विकायलाही मोकळीक आहे. संरक्षित वाणाचं बियाणं नाममुद्रा, म्हणजे ब्रँड, लावून विकता येत नाही, एवढंच. नवा वाण नोंदवायचा तर तो इतरांपेक्षा वेगळा, एकसारखा आणि पिढ्यानपिढ्या टिकणारा असावा लागतो. मग पैदासकार, पायाभूत, प्रमाणित अशी बियाण्याची उतरंड लागते, आणि पिशवीवरचं लेबल अनुक्रमे पिवळं, पांढरं, निळं.

शेवटचं काम पुन्हा ओसरीवरच येतं. बियाण्याच्या शेंगा झाडावर पिवळ्या पडून कुरकुरू लागल्या की तोडाव्यात, सावलीत वाळवाव्यात, पत्र्यावर नको. फार कडक वाळलेला घेवडा काठीनं झोडपला की साल शाबूत दिसते आणि आतला कोंब मोडतो. तो उगवतो, पण वर येतात दोन दळं आणि मध्ये शेंडाच नसतो. म्हणून शेंगा हातानं सोलाव्यात किंवा गोणीत घालून हलक्या हातानं मळाव्यात. ओलावा नऊ टक्क्यांच्या आसपास आला की हवाबंद डबा, वालाला भुंगेऱ्याची भीती जास्त म्हणून त्यात चाळलेली राख. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवावेत; 75 पेक्षा कमी उगवले तर त्या डब्यावर शेत सोडू नये. आणि मूळ निवडलेल्या ओळीच्या बियाण्याचा एक लहान डबा न पेरता तसाच ठेवावा, आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी: आई, बाप, ओळ क्रमांक, साल. बाहेरच्या चिठ्ठ्या उंदीर खातात.